चोडण-दिवाडीचे पक्षी: कोणत्या वेळी, कुठून, कसे बघावेत?

पिंपळपान_७

नमस्कार. मार्गशीर्ष पौर्णिमेनंतर लगेच येणारा आठवडा आम्ही गोव्यात असू. मुक्काम दिवाडी बेटावर, पिएदादच्या बाजूला. आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना फार चालवत नाही, पण पक्ष्यांची आवड त्यांनाच सगळ्यात जास्त.

चोडणच्या सलीम अली अभयारण्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकली. काही म्हणतात अप्रतिम, काही म्हणतात झाडं आणि चिखल सोडून तिथे काही नाही. नेमकं काय? पहाटे जावं की संध्याकाळी? होडी घ्यावी का? आमच्याकडे एक ८×४२ दुर्बीण आणि १००-४०० लेन्स आहे, आणखी काही लागेल का? कोकणचे आणि गोव्याचे जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारते आहे. किनाऱ्यावरची गर्दी शक्यतो टाळायची आहे.

मांडवीकाठ

दोन्ही मतं खरी आहेत. फरक पडतो तो पाण्यामुळे. चोडणला निघण्याआधी घड्याळ नंतर बघा, आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

अभयारण्य चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, १९८८ साली जाहीर झालं. जवळजवळ सगळं कांदळवन: कांदळ, तिवर, चिपी. आत मांडवीचे फाटे शिरलेले आहेत. भरतीला पाणी झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढतं आणि चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागाच उरत नाही. तुताऱ्या, चिखले, टिलवे, व्हिंब्रेल सगळे उठून मिठागरांच्या नाहीतर खाजनाच्या (खाडीलगतच्या सखल शेतांच्या) बांधावर जाऊन बसतात. अशा वेळी पायवाटेने आत गेलेल्या माणसाला हिरवी भिंत दिसते आणि तो घरी जाऊन लिहितो की इथे काही नाही.

ओहोटी लागली की चित्र पालटतं. गाळ उघडा पडतो, निवट्या (चिखलात सरपटणारे छोटे मासे) हलू लागतात, एका मोठ्या नांगीचे छोटे खेकडे बिळांतून वर येतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. पाणी उतरायला लागल्यापासून साधारण दोन तासांनी सुरू करून ओहोटीचा तळ गाठेपर्यंतचा वेळ सगळ्यात चांगला. तळ गाठल्यावर पक्षी पार पाण्याच्या कडेला पांगतात आणि दुर्बिणीला लांब पडतात. मग पाणी परत चढू लागतं, तसे ते चढत्या पाण्यापुढे सरकत तुमच्या दिशेने येतात. तो तासही सोडू नये.

होडीचं गणित बरोब्बर उलटं. आतल्या अरुंद फाट्यांत होडी शिरायची तर पाणी हवं. भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढाच खरा अवकाश. ओहोटीला होडी आत नेली तर ती गाळात रुतते, ढकलण्यात वेळ जातो आणि आवाजाने सगळं उडून जातं.

म्हणजे पायी जायचं तर ओहोटी, होडीने जायचं तर भरती. हे उलटं झालं की निराशा ठरलेली.

तिठा

वाचनखूण साठवली.

सड्यावरचा

मांडवीकाठ यांनी पाण्याचं अगदी नेमकं सांगितलं. फक्त एक भर. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन-तीन दिवस, मोठ्या भरतीला पायवाटेचे सखल तुकडे पाण्याखाली जातात. वाट ठिकठिकाणी खचलेली आणि शेवाळलेली असते. चपला नकोत, मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल किंवा गमबूट घाला. चिखलातून वर आलेली तिवराची श्वासमुळं पेन्सिलीसारखी उभी असतात. वाट सोडून चाललं तर ती मोडतात आणि पायालाही लागतात.

आणि मांडवीत, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. काठावर पाय सोडून बसायचं नाही, मुलांना पाण्याच्या कडेला उकिडवं बसू द्यायचं नाही. होडीत हात बाहेर काढायचा नाही.

पिंपळपान_७

मगरींचं ऐकून मुलगी जास्तच उत्साहात आहे!

भरतीची वेळ बघायची कुठे? आणि आमच्या दिवसांत ती साधारण कधी येईल?

डिचोलीकर

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी कोष्टकं छापतो, त्यात मुरगाव बंदर बघायचं. मोबाइलवरही कुठल्याही भरती-ओहोटीच्या ॲपमध्ये 'मुरगाव' निवडा. पाणी नदीतून वर चढायला वेळ घेतं, म्हणून रायबंदर-चोडणला ती वेळ थोडी पुढे धरा. मांडवीत भरतीचा परिणाम थेट गांजेपर्यंत, पन्नासएक किलोमीटर आत जातो.

कोष्टक हाताशी नसेल तर आपला जुना हिशेब आहेच: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता भरती. एकादशीला ११ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाआठ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय गोव्यात दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी, एक लहान. होडी ठरवायची ती कोष्टक बघूनच.

तुमचे दिवस वद्य प्रतिपदेपासूनचे. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमारास ओहोटीचा तळ. तृतीयेला साडेआठ. चतुर्थीला नऊच्या पुढे, आणि दुपारी तीनला भरती. पक्षी बघायला याहून चांगला आठवडा मागूनही मिळायचा नाही. सकाळी कोवळ्या उन्हात उघडा गाळ आणि दुपारी होडीला पाणी, दोन्ही मिळतंय. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही दणकून उतरतं. पाण्याचा चढ-उतार जवळजवळ दोन मीटरपर्यंत जातो.

बांगडाप्रेमी

तिथीवरून आम्ही फक्त उपास कधी आहे ते बघतो. खंड्या बघायलाही तिथी लागते हे आज कळलं.

बाय द वे, खंड्या आणि आमची निवड एकच. दोघंही ताज्या माशाशिवाय हलत नाही.

अडई

चोडणला सगळे 'किंगफिशर किंगफिशर' करत जातात, तर ओळखीचं थोडं सांगते. पांढऱ्या छातीचा खंड्या सगळीकडे आहे, विजेच्या तारेवरसुद्धा: डोकं आणि पोट चॉकलेटी, चोच लाल. कांदळवनात खास शोधायचा तो कॉलर्ड. वर निळा-हिरवा, मानेभोवती रुंद पांढरा पट्टा, पोट पांढरंशुभ्र आणि चोच काळी. लाल चोच दिसली की तो कॉलर्ड नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. काळ्या डोक्याचा खंड्या हिवाळी पाहुणा आहे. डोक्यावर काळी टोपी, पांढरा गळपट्टा, पाठ जांभळट निळी, पोट तांबूस, चोच लाल. तो फाट्याच्या वळणावरच्या आडव्या फांदीवर बसतो आणि होडी जवळ आली की पुढच्या वळणावर जातो. पाठलाग करू नये. होडी थांबवून वल्हं उचलून ठेवलं की थोड्या वेळाने तो आपल्या जागेवर परततो.

चौथा घोंगी खंड्या: आकाराने मोठा, चोच जाडजूड लाल, डोकं मातकट. ओरडतो तेव्हा दूरवर ऐकू जातो. छोटा खंड्या आणि कवड्या धरून सहा झाले. यापलीकडे गोव्यात निळ्या कानाचा आणि तिबोटी हे दोन, पण ते जंगलातल्या ओढ्यांचे रहिवासी. तिबोटी खऱ्या अर्थी पावसाळ्यातला, तेव्हाच त्याची वीण असते. डिसेंबरात चोडणला तो शोधत बसू नका.

खाजनवाट

सगळे चोडणवरच थांबलेत. मूळ प्रश्नात मुक्काम दिवाडीला आहे! माझ्या मते नवख्या माणसाला दिवाडी जास्त देते, कारण तिथे नजर मोकळी फिरते. कांदळवनात दहा फुटांवरचा पक्षीही दिसत नाही.

दिवाडीचं सखल शिवार म्हणजे खाजन. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजनं आहेत, खाडीलगतची, बांध घालून राखलेली. बांधात जागोजागी मानस असते: लाकडी दारांचा दरवाजा. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तशी ती उघडतात. कुणी हात लावावा लागत नाही. आता पक्ष्यांच्या दृष्टीने बघा. ओहोटीला मानसीतून पाणी धो धो बाहेर पडतं आणि त्याबरोबर आतली कोळंबी, मासळी. त्या तोंडाशी बगळे, वंचक, पाणकावळे ओळीने उभे, वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतायत. बांधावर, मानसीपासून चाळीस-पन्नास पावलांवर, सूर्य पाठीशी ठेवून शांत उभं राहायचं. जागा सोडून कुठेही जायची गरज नाही. सासूबाईंना घडीची खुर्ची दिली तर त्या सगळ्यात जास्त पक्षी बघतील.

भरतीच्या वेळी चोडणच्या गाळावरून उठलेले पक्षी येऊन बसतात तेही याच बांधांवर आणि कापणी झालेल्या शेतांत. म्हणून चोडणची भरती ही दिवाडीची वेळ. शेतात गप्पीदास, पिवळे धोबी आणि शिकारी पक्ष्यांत कापशी, हारियर. करकोच्यांत पांढऱ्या मानेचा आणि नशीब असेल तर लेसर ॲडजुटंट: टक्कल पडलेला, जाड चोचीचा, उभा राहिला की शेतातल्या बुजगावण्याएवढा. हिवाळ्यात ठिपकेदार गरुडही या पट्ट्यात उतरतो. विजेच्या खांबांवर आणि एकट्या माडांवर नजर ठेवा.

मांडवीकाठ

@खाजनवाट, सहमत, पण चोडण सोडू नका असंच सांगेन. कॉलर्ड खंड्या आणि टेरेक तुतारी दिवाडीच्या शेतात मिळणार नाहीत. दोन्ही बेटं मिळून एकच अधिवास आहे, पक्षी भरतीला इकडे, ओहोटीला तिकडे. आपणही तसंच जावं.

कापशी

दुर्बीण आणि लेन्सबद्दल.

८×४२ उत्तम आहे, १०× घेऊ नका. होडीत हात हलतो आणि जितकी वर्धनक्षमता जास्त तितका तो हलणं मोठं दिसतं. शिवाय ८×४२ मधून डोळ्यापर्यंत येणारं प्रकाशाचं वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचं, १०×४२ मधून ४.२ चं. सकाळच्या अंधुक प्रकाशात हा फरक जाणवतो. गाळावरच्या लांबच्या तुताऱ्यांसाठी मात्र तिपाईवरचा २०-६० चा स्पॉटिंग स्कोप लागतोच. भाड्याने मिळाला किंवा बरोबरच्या मार्गदर्शकाकडे असला तर बघा. आणि तो सकाळी दहाच्या आत वापरायचा. त्यानंतर तापलेल्या गाळावरची हवा थरथरते आणि कितीही महाग काच असली तरी चित्र वितळल्यासारखं दिसतं. फोटोंचंही तेच. लांबचा फोटो मऊ आला की लोक लेन्सला दोष देतात, दोष हवेचा असतो.

होडीत तिपाई, मोनोपॉड काही नको. इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात येते. हातात धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, शटर १/१६०० च्या खाली आणू नका. उडत्या खंड्याला १/२५०० सुद्धा कमी पडतं. गडद कांदळाच्या पार्श्वभूमीवर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा अंधार समजून प्रकाश वाढवतो आणि पिसांचा तपशील जळतो. तिथे एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा. आकाशासमोरच्या पाणकावळ्याला उलट एक स्टॉप वाढवा.

प्रकाशाची एक सोय इथे आपोआप मिळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि रायबंदरच्या बाजूने होडीतून बघताना कांदळवनाची दक्षिण कड आपल्यासमोर येते. त्यामुळे नदीतून दुपारीही पक्ष्यावर समोरून उजेड पडतो.

दमटपणा विसरू नका. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर लगेच धुकं धरतं. पुसलं तर परत धरतं, कारण काच अजून गारच असते. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून बॅग अर्धा तास आधी खोलीबाहेर ठेवा, किंवा रात्रीच एसी बंद करा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. संध्याकाळी लेन्सचं अंग आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. खाऱ्या वाऱ्याचा थर नुसत्या कोरड्या फडक्याने पुसला तर मिठाचे कण घासले जातात.

सुरय_उत्तर

किनारा टाळायचा म्हणालात, तरी एक किनारा सुचवतो: मोरजीचं दक्षिण टोक, जिथे शापोरा नदी समुद्राला मिळते. ओहोटीला तिथे वाळूचा दांडा उघडा पडतो आणि कुरव, सुरय, चिखले त्यावर बसतात. सकाळी आठच्या आत तिथे पोचा, नंतर माणसं आणि कुत्री फिरायला लागतात.

कुरवांत गोंधळ होतो तो तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा यांत, कारण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात, कानामागे नुसता डाग राहतो. उडताना पंख बघा. टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड लांबलचक पांढरी दिसली तर काळ्या डोक्याचा. बसलेल्या प्रौढ पक्ष्याचा डोळा फिका असेल तर तोही तपकिरी डोक्याचाच.

सँड प्लव्हर (चिखल्यांचेच भाऊबंद) यांत मोठा म्हणजे ग्रेटर आणि छोटा म्हणजे लेसर ओळखायचा तर चोच बघा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धरा. चोच त्याहून लांब दिसली तर ग्रेटर. पायही लांब आणि पिवळट हिरवे. जुन्या पुस्तकांतला लेसर सँड प्लव्हर आता सायबेरियन आणि तिबेटन असा दोन जातींत विभागला गेलाय. पश्चिम किनाऱ्यावर येतो तो मुख्यतः तिबेटन. केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरा पट्टा पूर्ण असतो, सँड प्लव्हरला नसतो.

मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुंपण घातलेल्या भागाजवळ जाऊ नका.

मृण्मयी_एस

मला वेगळंच विचारायचंय. बेट म्हणजे समुद्रातलं बेट, त्यावरचे पक्षी गोव्यात कुठे? वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाच्या सहली दिसतात.

सड्यावरचा

ग्रांदेच्या सहली डॉल्फिन आणि स्नॉर्कलिंगच्या असतात. तिथे पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड दिसतो, पण तो किनाऱ्यालगत इतरत्रही दिसतो. बोटीवर गाणी चालू असतात, पक्ष्यांसाठी म्हणून जाऊ नये. खऱ्या अर्थी समुद्रपक्ष्यांची बेटं गोव्याच्या उत्तरेला वेंगुर्ल्याचे खडक आणि दक्षिणेला मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी. वेंगुर्ल्याच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, लाळेने घरटं बांधणाऱ्या पाकोळ्या. घरट्यांच्या चोरीमुळे तिथे राखण करावी लागली. तिथे उतरण्याचा विचारही करू नका, लांबून बघा.

समुद्रात खोलवर राहणारे पक्षी गोव्याच्या किनाऱ्यावर दिसतात ते पावसाळी वादळानंतर. दमलेला बूबी किंवा फ्रिगेट वाळूत बसलेला आढळला तर परत पाण्यात ढकलू नका. त्याला विश्रांती हवी असते. कुत्र्यांपासून राखा, हवेशीर खोक्यात सावलीत ठेवा, काही खायला घालू नका, वनखात्याला कळवा.

तिठा

पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावून त्याला बोलावण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. एक-दोनदा लावला तर काय बिघडतं? लांबून आलेल्या माणसाला तेवढाच एक दिवस असतो.

अडई

बिघडतं. आवाज ऐकून पक्षी येतो तो हद्दीत दुसरा नर शिरला म्हणून, भांडायला. तेवढा वेळ त्याचं खाणं थांबतं, घरटं उघडं पडतं. तुम्ही एकदाच लावता, पण गोव्यात हिवाळाभर रोज वेगळा गट येतो आणि प्रत्येक जण 'एकदाच' लावतो. त्याच ओढ्यावर, त्याच पक्ष्याला. अभयारण्यात तर अजिबात नको.

मांडवीकाठ

+१. आणि बेटांवर आवाजाची गरजही नाही, पाणीच पक्षी आणून देतं.

गाळावरच्या पक्ष्यांचं अंतर पाळायला सोपी खूण आहे. चरताना मान खाली असते. दोन-चार पक्ष्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या की तिथेच थांबायचं, आणखी एक पाऊलही नको. भरतीच्या वेळी बांधावर झोपलेल्या थव्याला तर उठवूच नये. हजारो किलोमीटर उडून आलेले पक्षी आहेत, मार्च-एप्रिलमध्ये परत तेवढंच उडायचं आहे. चरायला त्यांना फक्त ओहोटीचे तास मिळतात. उरलेल्या वेळात विनाकारण उडवलं तर साठवलेली चरबी जळते.

डिचोलीकर

तिठा यांचा मुद्दा जंगलाबाबत असावा. मोले, तांबडी सुर्ला, बोंडला इथे खरंच पक्षी दिसत नाही, ऐकू येतो. त्यावर उपाय थांबणं. तांबडी सुर्ल्याला महादेवाच्या देवळाजवळच्या ओढ्याशी सूर्य उगवताना बसलं की शीळकरी कस्तूर, नवरंग, निळ्या कानाचा खंड्या, वर झाडांच्या शेंड्यांवर धनेश. आपला राज्यपक्षी, माणकासारख्या लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, तोही फळलेल्या झाडावर मिळतो. मर्लिन ॲपवर आवाज ओळखणार असाल तर कोतवाल जवळपास नाही ना ते बघा. कोतवालांतलाच भृंगराज दहा पक्ष्यांच्या नकला करतो आणि ॲप त्या सगळ्यांची यादी दाखवतं.

पणजीहून साठ-पासष्ट किलोमीटर आहे, दिवाडीहून पहाटे पाचला तरी निघावं लागेल. जानेवारीपासून सत्तरीच्या पट्ट्यात माकडतापाची भीती असते, गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही, परतल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ.

पिंपळपान_७

किती छान माहिती! सगळ्यांचे आभार. जंगल या वेळी नको, बेटं आणि आजूबाजूचंच बघू. सासूबाईंना कमीत कमी चालून काय काय बघता येईल?

अडई

करमळीचं तळं. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळच आहे, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवूनही बरंच दिसतं. अडयांचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, हिवाळ्यात तलवार बदकं. गोड्या पाण्याचं तळं असल्यामुळे इथे भरती-ओहोटीचा हिशेब नाही, सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास बघा. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो.

वेळ असेल तर दक्षिणेत कुडचड्याचं नंदा तळं. २०२२ मध्ये ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. ४२ हेक्टर. गावकरी दार घालून पाणी अडवतात आणि तेच पाणी सोडून खाली भात पिकवतात. शेती थांबली तर तळंही राहणार नाही, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

खाजनवाट

रायबंदर-पणजीचा जुना रस्ता, पोंते दि लिन्यारिश, पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला. तीनेक किलोमीटर. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरं आणि कांदळवन. भरतीच्या वेळी मिठागरांच्या बांधांवर शेकाटे, टिलवे जमतात. रस्ता अरुंद आणि रहदारी फार, त्यामुळे मध्येच गाडी थांबवू नका. रायबंदरच्या टोकाला लावा आणि तिथून बघा.

डिचोलीकर

मग असं करा. द्वितीया: सकाळी सातपासून दिवाडीच्या मानसीवर, लांब जायचंच नाही. तृतीया: सूर्योदयाला करमळी, दुपारी भरतीच्या वेळी रायबंदरची मिठागरं. चतुर्थी: सकाळी सातला चोडणची पायवाट, दहाला परत, दुपारी दोन ते चार होडी. पंचमी मोकळी ठेवा. होडी वाऱ्यामुळे किंवा पाण्यामुळे चुकली तर तोच दिवस कामी येईल, तेव्हा भरती पावणेचारच्या सुमारास असेल. होडीवाल्याला आदल्या दिवशी जेट्टीवर गाठून भरतीची वेळ त्याच्याकडूनही विचारून घ्या. रोज पाण्यात असलेल्या माणसाचा अंदाज ॲपपेक्षा पक्का असतो. अभयारण्याचं तिकीट वेगळं, तेही तेव्हाच विचारा.

बांगडाप्रेमी

पंचमीच्या मोकळ्या दिवशी दुपारचं जेवण कुठे, हा मुद्दा धाग्यात राहून गेलाय.

पिंपळपान_७

तोही विचारणारच आहे, वेगळा धागा काढते :)

शेवटचं एक. दिवाडीहून चोडणला थेट फेरी आहे का, की जमिनीवर यावं लागतं?

मांडवीकाठ

थेट नाही. दिवाडीहून रायबंदरला या, तिथून चोडणची फेरी पकडा. दोन्हीकडे गाडी चढते, पण सकाळी कामावर जाणाऱ्यांची रांग असते, त्यामुळे सातच्या पायवाटेसाठी दिवाडी साडेपाचला सोडा. किंवा गाडी रायबंदरला ठेवून चोडणला पायीच चढा, अभयारण्याचं तोंड चोडणच्या जेट्टीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. सासूबाई येणार असतील तर मात्र गाडी बरोबर घ्या. करमळीच्या दिवशी रायबंदरकडे वळू नका, दिवाडीहून जुने गोव्याची फेरी घ्या. तिथून करमळी जवळ.